जुन्या डायकास्ट गाड्या ओळखताना या चुका टाळा

डायकास्ट म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली खेळण्यातली गाडी. ती उलटी करायची, बेसवर, म्हणजे तळाच्या पत्र्यावर, १९७६ वाचायचं आणि 'सत्तरच्या दशकातला ओरिजिनल पीस' म्हणून मोकळं व्हायचं. चोरबाजारातल्या विक्रेत्याने असं म्हटलं तर समजू शकतो, त्याला माल खपवायचाय. पण घेणाराही तेच धरून बसतो आणि वर फोटो पाठवून 'कितीला जाईल?' विचारतो, तेव्हा डोकं फिरतं. बेसवरचं साल बहुतेक वेळा त्या साच्याच्या कॉपीराइटचं असतं. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली, ते त्यावरून कळत नाही. हॉट व्हील्सची '५७ शेव्ही, म्हणजे १९५७ च्या शेव्हरोलेची प्रतिकृती घ्या. बेसवर १९७६, बाजारात आली १९७७ मध्ये, आणि तोच साचा पुढे नव्वदच्या दशकातही नवे रंग, नवी चाकं लावून विकला जात होता. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझी सवय सांगतो. आधी चाकं, मग देशाचं नाव, मग रंग. साल सगळ्यात शेवटी. हॉट व्हील्सवर लाल रेघेची चाकं १९६८ ते १९७७ या काळातली. त्यांचा चकाकणारा पारदर्शक रंग सुरुवातीच्या वर्षांतला, १९७३ मध्ये त्याची जागा साध्या इनॅमलने घेतली. मॅचबॉक्सच्या बेसवर 'मकाव' असेल तर शेजारी १९७९ का असेना, गाडी १९८२ नंतरची. त्या वर्षी मॅचबॉक्स बनवणारी इंग्लंडची लेस्नी कंपनी बुडाली, हाँगकाँगच्या युनिव्हर्सल कंपनीने मॅचबॉक्स विकत घेतलं आणि उत्पादन मकावकडे नेलं. २००८ पासूनच्या हॉट व्हील्सवर तर सरळ कोड असतो, पहिलं अक्षर वर्षाचं आणि पुढचा आकडा आठवड्याचा. ए म्हणजे २००८, बी म्हणजे २००९. मध्ये आय हे अक्षर गाळलंय, तेवढं लक्षात ठेवा. एवढं सोपं करून दिलेलं असतानाही लोक ते वाचत नाहीत.

दुसरी चूक खिशाला जास्त लागते: 'दुर्मीळ रंग' बघून भुलणं. मॅचबॉक्सची ८ नंबरची फोर्ड मस्टँग, १९६६ ची, साध्या काळ्या चाकांची. पांढरी आणि आतून लाल अशी ती हवी तेवढी मिळते. त्याच चाकांवर नारिंगी-लाल मस्टँग मात्र क्वचित, म्हणून तिला भाव. ओळखीतल्या एका तरुणाने दिवाळीच्या बोनसमधून ती ऑनलाइन उचलली. मला फोटो पाठवला तो फक्त समोरून. 'बेसचा फोटो मागव' म्हटलं, तर उत्तर आलं, 'दादा, तोपर्यंत दुसरा कोणी घेईल.' घेऊ दे की! पार्सल आलं, टॉर्च लावून पाहिलं. बेस आणि वरची बॉडी जोडणाऱ्या रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवलेलं, वर गोंदाचा थेंब, आणि आत सीटच्या मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाची कड स्पष्ट दिसत होती. पांढरीच मस्टँग, रंगवलेली. विकणाऱ्याने 'मलाही तशीच मिळाली' म्हणून हात झटकले. मुलाची चूक रंग न ओळखण्याची नव्हती. बेस न बघता पैसे पाठवायची घाई होती, आणि ही घाई मला नवख्यांमध्ये रोज दिसते.

तेव्हा पैसे देण्याआधी रिव्हेटचा जवळून फोटो मागवा. जो देत नाही, त्याचा नाद सोडा. आसाची टोकंही बघा. जुन्या लेस्नी गाड्यांत ती चिमटून चपटी केलेली, नंतरच्यांत गोल घुमटी. एका बाजूला एक आणि दुसरीकडे दुसरं दिसलं तर चाकांना कोणीतरी हात लावलाय. १९६९ च्या सुमारास मॅचबॉक्सची 'सुपरफास्ट' नावाची पातळ आसाची चाकं आली, त्यामुळे त्या वर्षा-दोन वर्षांतल्या गाड्यांत अदलाबदलीचे उद्योग जास्त होतात.

उन्हाने उडालेला रंग हा 'नवा शेड' नसतो. दार उघडणारं असेल तर दाराच्या आतली कड बघा, मूळ रंग तिथे राहतो.

डबीवर विश्वास ठेवू नका. डब्या छापून मिळतात.

डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत धातू आतून फुटतो, कारण तेव्हाच्या जस्ताच्या मिश्रणात शिशाची अशुद्धी राहायची. बारीक तडे दिसले की गाडी खाली ठेवा. त्यावर उपाय नाही.

आणि कृपया निकीला डिंकी म्हणून विकू नका, घेऊही नका. लिव्हरपूलच्या डिंकीचे काही जुने साचे नंतर भारतात आले आणि कलकत्त्यात त्यांतून 'निकी टॉइज' निघाल्या. बेसवर डिंकी अक्षरं घालवून निकी केलेलं असतं. ओतकाम जरा ओबडधोबड, रंग जाड. लोक तो बेस घासून 'डिंकी' बनवायला जातात, आणि घासल्यावर ती ना डिंकी राहते ना निकी. आपल्या देशात बनलेली वस्तू आहे, तिला स्वतःचे गिऱ्हाईक आहेत. घासलेल्या बेसची निकी मला कोणी दाखवली तर मी भावही विचारत नाही.