टूरिंग बाइंडिंग कुठे तुटतं, आणि ते आधी कसं ओळखायचं

स्की टूरिंग म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढायचा आणि मग घसरत उतरायचं; बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा म्हणजे बाइंडिंग. त्यातलं पिनचं बाइंडिंग पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते खेळण्यासारखं वाटतं. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन पिना (हा टो पीस), टाचेत घुसणाऱ्या आणखी दोन (हा हील पीस), आणि मधे काहीच नाही. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात काढलेली ही रचना आजही मुळात तशीच आहे. शर्यतीच्या बाइंडिंगचा एक नग १५० ग्रॅमच्या आतही बसतो, नेहमीच्या टूरिंगचा साधारण २५० ते ४०० ग्रॅम. मात्र वजन कमी असलं की चुकीला माफीही कमी. धातू कमकुवत निघाल्यामुळे तुटणारी बाइंडिंग्ज थोडी. चुकीची फट, साचलेला बर्फ, कुलूपबंद टो पीस आणि ढिले स्क्रू यांमुळे तुटणारीच जास्त.

टाचेमागची फट

बूट आणि हील पीस यांच्यात मॉडेलप्रमाणे ठरलेली फट ठेवावी लागते. बऱ्याच मॉडेलांत ती ४ किंवा ५.५ मिमी असते. खळग्यातून जाताना स्की वाकते, तेव्हा टो पीस आणि हील पीस एकमेकांच्या जवळ येतात. तेवढ्या वेळापुरतं बुटाला मागे सरकायला जागा हवी. ती नसेल तर बुटाची टाच सरळ हील पीसच्या अंगावर आदळते. मग हील पीसचं प्लास्टिकचं कवच तडकतं, नाहीतर मागचे स्क्रू उपटून येतात. फट जास्त ठेवली तर पिना बुटात जेमतेम टोकापुरत्या जातात आणि वळणात टाच सुटते. काही नव्या मॉडेलांत हील पीस स्प्रिंगवर मागेपुढे सरकतो आणि तिथे फट शून्य ठेवायची असते, म्हणून आकडा आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकातूनच घ्या.

मोजताना स्की सपाट टेबलावर ठेवा आणि पिना जिथे बसतात त्या बुटाच्या खाचा पुसून कोरड्या करा. बूट पुढे-मागे दोन्हीकडे पूर्ण बसवा, मग सोबत आलेलं गेज (मापाची पट्टी) फटीत घाला. ते किंचित घासत जायला हवं. सैल पडलं किंवा ठोकावं लागलं तर माप चुकलंय. बूट बदलले की माप पुन्हा घ्या. साइझ तीच असली तरी दोन कंपन्यांच्या तळव्याची लांबी काही मिलिमीटरने वेगळी निघते, आणि इथे सगळा खेळ मिलिमीटरचाच आहे.

पुढच्या पिना आणि बर्फ

टो पीसच्या पंखांखाली, म्हणजे पिना धरणाऱ्या दोन बाहूंखाली, स्प्रिंग असते. तिथे बर्फ दाबला गेला की मधला भाग पूर्ण खाली जात नाही आणि पंख अर्धवटच मिटतात. वरून बूट अडकल्यासारखा दिसतो, पहिल्या जोराच्या वळणात मात्र सुटतो. म्हणून बूट घालण्याआधी पंखांखालचा बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढा आणि बुटाच्या खाचाही मोकळ्या करा. पिना बसल्या की टो पीसच्या पुढचा लीव्हर न ओढता टाच चार-पाच वेळा वर-खाली हलवा, म्हणजे खाचेत उरलेला बर्फ चिरडून बाहेर पडतो. मगच लीव्हर ओढा. घरी कोरड्या बुटावर लीव्हर ओढून किती ‘टक्’ वाजतात ते मोजून ठेवा. डोंगरावर आकडा वेगळा आला तर आत काहीतरी अडकलंय.

लीव्हर ओढून कुलूप लावायचं ते चढताना. उतरतानाही तसंच ठेवलं तर बाजूला सुटण्याची सोय जवळजवळ बंदच होते. पडल्यावर तो सगळा जोर पंखांच्या मुळाशी, स्क्रूंवर आणि गुडघ्यावर जातो. शिवाय हिमस्खलनात सापडलं तर स्की पायातून निघत नाही. पडणं परवडणारच नाही अशा अरुंद उतारावर काही जण जाणूनबुजून कुलूप ठेवतात; पण तो निर्णय असावा, विसरभोळेपणा नसावा.

स्क्रू

बाइंडिंगचे नेहमीचे स्क्रू ५.५ मिमी जाडीचे असतात आणि त्यांना ३ नंबरचा पॉझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर लागतो. दिसायला तो अधिकच्या खुणेच्या फिलिप्ससारखाच, पण फिलिप्सने फिरवलं की स्क्रूचं डोकं खराब होतं आणि पुढच्या वेळी तो निघतच नाही. भोक साधारण ९ मिमी खोल असतं. ड्रिल ३.५ मिमीचं, आणि स्कीत धातूचा थर असेल तर ४.१ मिमीचं, नेमका आकडा बहुधा स्कीवरच छापलेला असतो. भोकात गोंद किंवा इपॉक्सी हवाच. तो पकडीसाठी तर आहेच, पण त्याहून मोठं काम पाणी अडवण्याचं. लाकडी गाभ्यात पाणी शिरलं की ते गोठतं, फुगतं, लाकूड कुजवतं आणि स्क्रू नुसताच फिरायला लागतो. पॉवर ड्रिलने स्क्रू आवळू नका, शेवटचे फेरे हातानेच द्या. नव्या बसवणीनंतर दोन-तीन सफरींनी सगळे स्क्रू एकदा तपासा. पुन्हा बसवताना जुन्या आणि नव्या भोकांत किमान १ सेमी अंतर सोडा.

ढिलेपणा ओळखायची सोपी खूण: हील पीसच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. आधी जात नव्हती आणि आता जातेय, तर तळ उचललाय.

चिरा कुठे पाहायच्या

बाइंडिंग पुसून वाळवा, अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरका धरा आणि नख फिरवा. पंख जिथे आसावर फिरतात ते मूळ, हील पीसच्या वरच्या स्क्रूभोवतीचा भाग, चढाचे लिफ्टर (चढताना टाचेला उंची देणारे) आणि ब्रेकची पट्टी, या चार जागा. प्लास्टिकवर पांढुरकी रेघ म्हणजे ते ताणलं गेलंय. ॲल्युमिनियमची चीर दर भाराबरोबर वाढतच जाते. केसाएवढी दिसली तरी तो भाग बदला. पुढची पिन बोटाने फिरत असेल तर त्या स्कीवर चढू नका. हील पीस थोडा हलणं काही मॉडेलांत मुळातच असतं, म्हणून दोन्ही स्की शेजारी ठेवून तुलना करा. बुटातल्या खाचांच्या कडा झिजल्या असतील, तर नव्या बाइंडिंगचाही उपयोग नाही.

प्रेशर वॉशर वापरू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. हील पीसला कमी तापमानाचंच ग्रीस द्या, साधं ग्रीस थंडीत घट्ट होतं. गाडीच्या टपावर स्की नेताना बाइंडिंग झाका, कारण रस्त्यावरचं मीठ स्प्रिंगला गंज चढवतं. किती जोराला बूट सुटावा तो आकडा हंगामातून एकदा मशीनवर तपासून घ्या, कारण बाइंडिंगच्या खिडकीतली खूण म्हणजे फक्त अंदाज.

सोबत काय ठेवायचं

३ नंबरचा पॉझिड्राइव्ह बिट, मॉडेलला लागत असेल तर टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचा) बिट, जादा ४ स्क्रू, थोडं स्टील वूल, छोटा इपॉक्सी, तार, झिप टाय आणि ३-४ रबरी पट्टे. फिरणाऱ्या स्क्रूच्या भोकात इपॉक्सीत बुडवलेलं स्टील वूल पिळून भरा आणि स्क्रू हाताने घट्ट करा. थंडीत इपॉक्सी वाळत नाही, म्हणून नळी आतल्या खिशात ठेवा. हील पीस तुटला तर टो पीसला कुलूप लावून बुटाची टाच पट्ट्याने स्कीला बांधता येते. ती सुटणार नाही हे लक्षात ठेवून हळू आणि आडवं उतरा. टो पीस तुटला तर मात्र बांधाबांधीवर फारसं निभावत नाही, बहुधा पायीच परतावं लागतं. म्हणून अनेक दिवसांच्या सफरीत एक जादा टो पीस न्यावा. बहुतेक मॉडेलांत तो डाव्या-उजव्या दोन्ही स्कींना चालतो आणि भोकंही तीच लागतात.