गावातल्या साथीचं मॉडेल का फसतं? या चुका टाळा

साथ कशी पसरेल याचं संगणकावरचं गणिती मॉडेल म्हणतं साथ आपोआप विझेल आणि प्रत्यक्षात ती गावभर पसरते. अशा वेळी बरेच जण संसर्गाचा दर वाढवून आकडे जुळवून घेतात. तसं करू नका. आधी संपर्कांचं जाळं, म्हणजे कोण कुणाला भेटतो याची नोंद, तपासा.

सगळ्यात महागात पडते ती सरासरी. केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचं साथींचं १९२७ चं मॉडेल, आज सहसा वापरतात त्या साध्या रूपात, कुणीही कुणालाही सारख्याच शक्यतेनं भेटतो असं धरतं. विदर्भातल्या खेड्यात तसं नसतं. समजा, दर १०० माणसांमागे ९५ जणांचे ४-४ संपर्क आणि उरलेल्या ५ जणांचे (किराणावाला, चक्कीवाला, काळीपिवळीचा ड्रायव्हर) ८४-८४. सरासरी ८. एका संपर्कातून लागण होण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर एक रुग्ण ०.४ जणांना रोग देतो, म्हणजे साथ विझायला हवी. पण रोग संपर्काच्या वाटेनंच पुढे जातो आणि त्या वाटेवर चक्कीवाला पुन्हापुन्हा भेटतो. म्हणून प्रत्येकाच्या संपर्कसंख्येला तिनंच गुणून वर्ग काढा, त्या वर्गांची सरासरी येते ३६८, तिला ८ ने भागा आणि ज्याच्याकडून रोग आला तो १ वजा करा. येतात ४५. त्याचे ५ टक्के २.२५. गाव तेच, रोग तोच, आणि साथ पसरते.

हे ५ जण यादीत यायचे असतील तर प्रश्न नीट विचारावे लागतात. ‘घरात किती जण?’ एवढ्यावर सर्वे संपवू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी एकाच ऑटोत दाटीवाटीनं बसून बायका दुसऱ्या गावच्या वावरात जातात. तो ऑटो घराच्या यादीत कुठून येणार? ‘काल वेचाले कोणाकोणासंगं गेल्त्या, काकू?’ असं विचारलं की खरी नावं निघतात. मेळघाटात कामासाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबं होळीला घरी परततात. त्या दिवसांत गावात बाहेरून कुणी येत नाही असं धरणं चूकच.

आठवड्याचे सगळे संपर्क एका जाळ्यात कोंबू नका. दुकानदार सोमवारी चक्कीवाल्याला भेटला आणि बुधवारच्या आठवडी बाजारात एका आजारी शेतकऱ्याला. शेतकऱ्याचा रोग मागे जाऊन सोमवारच्या भेटीतून चक्कीवाल्याला लागू शकत नाही, पण एकत्र केलेल्या जाळ्यात लागतो! प्रत्येक संपर्कापुढे वार लिहा.

मॉडेल एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका. पहिला रुग्ण ४ संपर्कांचा निघाला तर साथ बहुतेक वेळा तिथंच संपते. हजारदा चालवा आणि विझलेल्या व पसरलेल्या साथी वेगळ्या मोजा. दोन्हींची मिळून काढलेली सरासरी कुठल्याच गावाला लागू पडत नाही.

तरीही आकडे विचित्र येत असतील तर मॉडेलचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, बघा. भेट दोन्ही बाजूंनी नोंदली आहे ना? २० आजारी शेजारी असताना ५ टक्के गुणिले २० असं केलं की लागण १०० टक्के ठरते. खरी शक्यता १ वजा ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ६४ टक्के. शेवटी सगळ्यांना सगळ्यांशी जोडून, मोठ्या लोकसंख्येवर चालवून बघा. आलेख १९२७ च्या मॉडेलशी जुळला नाही, तर चूक कोडमध्ये आहे. ती सापडेपर्यंत सर्वेच्या आकड्यांना हात लावू नका.