सल्लागाराने आधी सातबारा काढावा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या आर्थिक सल्लागार गटात काम करायचे आणि तो निवडून आला तर त्याच्याबरोबर प्रशासनात जायचे, असा बेत असलेल्या इथल्या मराठी अर्थशास्त्रज्ञांसाठी ही तयारीची यादी लिहीत आहे. मी त्या वाटेने एकदा गेलो आहे. प्रचारात वर्षभर राबलो, उमेदवार जिंकला, सत्तांतराच्या चमूत जागा मिळाली, पदही जवळजवळ ठरले, आणि नेमकी तिथे मी माती खाल्ली. अर्थशास्त्राचा त्याच्याशी काही संबंध नव्हता; संबंध होता तो सातारा जिल्ह्यातल्या बेचाळीस गुंठे जमिनीचा आणि आईच्या एका मुदत ठेवीचा.

पदवी, शोधनिबंध, शिफारसपत्रे यांवर मी शब्द खर्च करीत नाही. ती नसतील तर तुम्हाला कोणी बोलावणारच नाही. नोकरी विद्यापीठात किंवा करमुक्त संशोधनसंस्थेत असेल, तर होकार देण्यापूर्वी तिथल्या कायदा विभागाला लेखी विचारावे. अशा संस्थांना उमेदवाराच्या प्रचारात भाग घेण्यास करकायद्याने मनाई आहे. तुम्ही व्यक्ती म्हणून, स्वतःच्या वेळेत, बिनपगारी सल्ला देऊ शकता, परंतु संस्थेचा ईमेल, संगणक, सहायक किंवा लेटरहेड त्यासाठी वापरता येत नाही. वेगळा लॅपटॉप घ्यावा आणि विषय संपवावा. एच-१बी व्हिसावर असाल तर देणगी देता येत नाही आणि प्रचारयंत्रणेच्या निर्णयांत भाग घेता येत नाही. स्वयंसेवेची मुभा आहे, पण सल्ला कुठे संपतो आणि निर्णय कुठे सुरू होतो हे ठरवण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रीन कार्ड असेल तर प्रचारात काम करता येते. पुढच्या पदांसाठी मात्र नागरिकत्व धरूनच चालावे.

आता मुख्य बाब, आणि ही बाब पदाचा विषय निघाल्यानंतरची नाही, तर प्रचारात पाऊल टाकण्याआधीची आहे. भारतात तुमच्या नावावर काय आहे, याची कागदोपत्री यादी करा. काय आहे असे तुम्हाला वाटते त्याची यादी नको, कागद काय म्हणतो त्याची करा. सुरक्षा तपासणीच्या एसएफ-८६ या अर्जात गेल्या दहा वर्षांतले पत्ते, सात वर्षांतले परदेशप्रवास, परदेशी नागरिक असलेले नातलग आणि निकटचे परिचित, परदेशातील खाती आणि परदेशातील स्थावर मालमत्ता असे सगळे विचारलेले असते. पत्ते आणि प्रवास मी जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के भिंगाने वाचून भरले. स्थावर मालमत्तेच्या प्रश्नाला मात्र एका सेकंदात ‘नाही’ लिहिले, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे.

अर्ज पाठवल्यावर तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. “बँकेतून केवायसीचं पत्र आलंय, तुझी सही लागते म्हणतात. कधी येतोस?” मी विचारले, “त्या ठेवीवर माझं नाव आहे?” ती म्हणाली, “तुझंच आहे की. तुला विचारूनच टाकलं होतं.” पावतीचा फोटो भावाकडून मागवला, आईच्या नावाखाली माझे नाव आणि बाजूला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) असा शिक्का. तेव्हा कुठे मला शहाणपण सुचले आणि मी सातबारा मागवला. वडील गेल्यावर भावाने वारस नोंद करून घेतली होती, फेरफार मंजूर झाला होता, आणि भोगवटादारांच्या रकान्यात आई, भाऊ, बहीण यांच्याबरोबर माझे नाव नीट टंकलेले होते. भावाने हे फोनवर सांगितलेही होते आणि मी ‘बरं’ म्हटले होते, असे तो म्हणतो. त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही.

परदेशी नागरिकाला, ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीयाचे कार्ड असले तरी, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून ती आपल्या नावावर नसणारच असे आपण गृहीत धरतो. वारसाने मात्र ती येते, आणि न विचारता येते. ठेवीचे प्रकरण तर त्याहून अवघड निघाले. परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकी अर्थखात्याकडे दरवर्षी स्वतंत्र विवरण भरावे लागते, आणि संयुक्त खात्याची पूर्ण रक्कम त्यात धरली जाते, मग पैसे कोणाचेही असोत. आजच्या दराने ही मर्यादा साडेआठ-नऊ लाख रुपयांच्या आसपास येते. एक ठेव आणि कॉलेजच्या काळातले एक विसरलेले बचत खाते यांत ती सहज ओलांडली जाते. मी अनेक वर्षांची विवरणे एकदम भरली, अर्जात दुरुस्ती केली, वकिलामार्फत खुलासा दिला. कोणी मला खोटारडे म्हटले नाही. तपासणी लांबली, आणि ती संपेपर्यंत त्या खुर्चीवर दुसरे कोणी बसले होते.

ही चूक लहान माणसेच करतात असे समजू नये. टिमथी गाइटनर २००९ च्या जानेवारीत अर्थमंत्रिपदासाठी सिनेटपुढे आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत असतानाचा सुमारे ३४ हजार डॉलरचा स्वयंरोजगार कर त्यांनी वेळेत भरला नव्हता, हे बाहेर आले. आर्थिक संकट ऐन भरात असल्याने ६० विरुद्ध ३४ मतांनी ते निभावले. टॉम डॅशल यांचे आरोग्यमंत्रिपद त्याच सुमारास करांच्याच कारणाने गेले. तुमच्यासाठी कोणी संकट थांबवून ठेवणार नाही. सातबारा काढा, आठ-अ काढा, आईवडिलांच्या कपाटातल्या पावत्या पाहा.

प्रचारातील कामाकडे वळू. उमेदवाराच्या प्रत्येक आश्वासनाचा हिशोब बाहेरचे लोक मांडतात, तेव्हा तो तुम्ही आधी मांडलेला असावा. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांनी प्राप्तिकराचे सर्व दर एकपंचमांशाने कमी करायचे, महसूल घटू द्यायचा नाही आणि मध्यमवर्गावर बोजा टाकायचा नाही, असे तिन्ही एकदम सांगितले. कोणत्या सवलती काढणार, हे सांगितले नाही. टॅक्स पॉलिसी सेंटर या करविषयक अभ्याससंस्थेने ऑगस्टमध्ये हिशोब करून दाखवले की श्रीमंतांच्या सवलती शक्य तितक्या काढल्या तरी या तीन गोष्टींचा मेळ बसत नाही, आणि पुढचे तीन महिने त्यांचे सल्लागार, ज्यांत नामवंत प्राध्यापक होते, खुलासेच करीत बसले. म्हणून टिपणात आकडा लिहिताना तो कोणत्या पायावर, किती वर्षांसाठी आणि काय गृहीत धरून काढला, हे त्याच ओळीत लिहावे. टिपण एका पानाचे असावे. दुसरे पान उमेदवार वाचत नाही, पण विरोधक वाचतात.

तोंड सांभाळावे. सल्लागाराचे खाजगी मत अशी काही वस्तू प्रचारात शिल्लक राहत नाही. २००८ च्या फेब्रुवारीत ओबामांचे सल्लागार ऑस्टन गूल्सबी शिकागोतील कॅनडाच्या वाणिज्य दूतावासात भेटीला गेले. नाफ्टा या अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारावरची उमेदवाराची टीका ही धोरणापेक्षा राजकीय पवित्रा अधिक आहे, अशा आशयाची नोंद तिथल्या टिपणात झाली आणि ते टिपण ओहायोतील पक्षांतर्गत मतदानाच्या तोंडावर फुटले. नोंद विपर्यस्त असल्याचे सांगण्यात आले, पण ओहायो हातचे गेले. त्याच वर्षी जुलैत रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांचे सल्लागार फिल ग्रॅम यांनी मंदी लोकांच्या मनात आहे आणि देश कुरकुरणाऱ्यांचा झाला आहे, असे मुलाखतीत म्हटले आणि काही दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. परदेशी वकिलातीतून चहाचे आमंत्रण आले, आणि त्यात आपली वकिलातही आली, तर आधी प्रचारप्रमुखाला सांगावे आणि शक्यतो जाऊ नये. गेलात तर तारीख आणि नाव लिहून ठेवावे. अर्जात तेही विचारतात. जुनी ट्विटे आत्ताच वाचून काढावीत. नीरा टंडन यांचे अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुखपद २०२१ च्या मार्चमध्ये ट्विटांपायी गेले.

पत्नी किंवा पती आणि अल्पवयीन मुले यांचीही मालमत्ता विचारली जाते, हे वर लिहायचे राहिले. सासरच्या बाजूचा सातबाराही काढावा लागतो. हो, तोही.

निकालानंतर शपथविधीपर्यंत जेमतेम अकरा आठवडे मिळतात. सत्तांतराची व्यवस्था १९६३ च्या कायद्याने घातलेली आहे. कार्यालये, पैसा आणि खात्यांत प्रवेश जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी इमारती आणि व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयामार्फत मिळतो, आणि तो मिळेलच या भरवशावर राहू नये. २०२० मध्ये ३ नोव्हेंबरला मतदान झाले आणि त्या कार्यालयाने मान्यतेचे पत्र २३ नोव्हेंबरला दिले. त्या वीस दिवसांत नव्या चमूला अर्थखात्याच्या दारातही उभे राहता येत नव्हते. म्हणून खात्याकडे मागायच्या कागदांची यादी सप्टेंबरातच तयार ठेवावी आणि जाहीर आकडेवारीवर जितके काम होईल तितके आधी उरकावे.

त्या आकडेवारीवर मात्र फार विसंबू नये. ओबामांच्या चमूतील क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टीन यांच्या जानेवारी २००९ च्या अहवालात, प्रोत्साहन योजना आली तर बेकारी आठ टक्क्यांच्या आसपास थोपवली जाईल असा आलेख होता. ऑक्टोबरात ती दहा टक्क्यांवर गेली आणि तो आलेख विरोधकांनी वर्षानुवर्षे नाचवला. अर्थव्यवस्था किती घसरली होती हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. २००८ च्या शेवटच्या तिमाहीतील घसरणीचा वार्षिक दर आधी ३.८ टक्के सांगितला गेला, तो पुढच्या दुरुस्त्यांत आठ टक्क्यांच्या वर गेला. योजनेसह आणि योजनेविना अशा दोन बारीक रेघा काढण्याऐवजी रुंद पट्टा काढावा, आणि कोणी राजकीय सहकारी तो पट्टा पुसून रेघ मागू लागला तर भांडावे.

कोणते पद मागायचे तेही समजून मागावे. आर्थिक सल्लागार मंडळ १९४६ च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याच्या अध्यक्षाला सिनेटची मंजुरी लागते. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये निर्माण केलेल्या राष्ट्रीय आर्थिक परिषदेच्या संचालकाला लागत नाही. मंजुरीचे पद असेल तर कर, विवरणे आणि जमीन यांचा कीस समितीचे कर्मचारी काढतात.

पुढचे थोडक्यात. समभाग विकावे लागतील. नीतिविषयक करारावर सही करण्यापूर्वी कराचा सल्ला घ्यावा. विद्यापीठाची रजा बहुधा दोनच वर्षांची असते. घर भाड्याने घ्यावे, विकत नको. २० जानेवारीला दुपारी बारापर्यंत तुम्ही कोणीही नसता, आणि त्यानंतर रोजगाराच्या आकड्यांविषयी प्रसिद्धीपूर्वी कोणाशीही, घरातही, बोलायचे नसते. पहिला अर्थसंकल्प उशिराच जातो.

सातबाऱ्याचा गट क्रमांक तुम्हाला पाठ नसेल. तो भावाकडे किंवा काकांकडे मिळेल. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन निघतो, पण जुन्या फेरफाराची प्रत हवी असेल तर कोणाला तरी तलाठ्याकडे पाठवावे लागू शकते, आणि साताऱ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असते, हे धरून आज रात्रीच फोन करावा.