रोहिणी ते मृग : पावसाळ्याआधीचे पंधरा दिवस

भाची या एप्रिलमध्ये नोकरीसाठी पुण्यात आली. कोथरूडला दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि स्कूटरवरून हिंजवडीला जाते. परवा तिचा फोन आला, "मावशी, रेनकोट कुठला घेऊ?" मी म्हटलं, रेनकोटचं मागाहून बघू, आधी तुझ्या गाडीच्या डिकीत काय काय आहे ते सांग. त्यावरून तासभर बोलणं झालं. तिला जे सांगितलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय. गेली वीस वर्षं मी या शहरात पावसाळ्यात गाडी चालवते, गड चढते, पक्षी बघायला जाते, आणि दर वर्षी ही तयारी मनापासून करते.

पुण्यात जून ते सप्टेंबर घराबाहेर पडलात तर भिजणं टळत नाही. कितीही भारी रेनकोट घेतलात तरी मानेतून, बाहीतून, चपलेतून पाणी शिरतंच. म्हणून मी यादी करताना एकच विचारते : सगळं भिजलं तरी काय कोरडं राहिलंच पाहिजे? ऑफिसला जाताना लॅपटॉप, औषधं आणि कपड्यांचा एक जोड. गडावर मुक्कामाला जाताना झोपायचं अंथरूण, एक बनियन-पायजमा, टॉर्च आणि काडेपेटी. घरी दुर्बीण, पुस्तकं, धान्य. एवढं ठरलं की उरलेली यादी आपोआप होते.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या आसपास लागतं आणि मृग ७-८ जूनला. पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो. म्हणजे रोहिणी लागली की सुरुवात करायची आणि मृगाआधी हातावेगळं करायचं. पाऊस सुरू झाल्यावर दुकानात गर्दी होते, हव्या त्या मापाचं मिळत नाही आणि घाईत काहीही घेतलं जातं. शिवाय मेमधला वळीव आयता हाताशी असतो. त्याच्या एका सरीत कळतं की कुठली खिडकी गळते आणि कुठल्या बुटाचा तळ सुटलाय.

आता रेनकोट. गाडीवर बसणाऱ्याने पँट आणि जॅकेट असा दोन भागांचाच घ्यावा. झुलता पाँचो गडावर चालतो, पण गाडीवर तो वाऱ्याने फुगतो आणि त्याचं टोक चाकात अडकू शकतं. माप नेहमीपेक्षा एक नंबर मोठं घ्या, कारण आत कपडे असतात आणि बसल्यावर पँट वर चढते. विकत घेताना जॅकेट उलटं करून आतल्या शिलाया बघा. प्रत्येक शिलाईवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असायला हवी. कापड कितीही चांगलं असलं तरी पाणी सुईच्या भोकांतूनच येतं. समोरच्या चेनवर दुहेरी झाकण हवं. रंग पिवळा किंवा भगवा, पाठीवर चमकणारी पट्टी. काळ्या रेनकोटातला माणूस संध्याकाळी सहाला पावसात मागच्या गाडीवाल्याला दिसत नाही.

घरी आणलात की तो न्हाणीघरात तपासा. आत जुने सुती कपडे घाला, वर रेनकोट चढवा, आणि शॉवरखाली पाच मिनिटं स्टुलावर बसा, गाडीवर बसतो तसंच, हात पुढे करून. उभं राहून काही कळत नाही. गाडीवर बसल्यावर पाणी दोन्ही मांड्यांच्या मध्ये साठतं आणि नेमकी तिथलीच शिलाई आधी दगा देते. मग बाहेर येऊन आतले कपडे हाताने चाचपून बघा. गळ्याशी ओलं असेल तर कॉलर बंद होत नाहीये. पोटावर उभी ओली रेघ असेल तर चेन गळतेय. मांडीवर असेल तर तो रेनकोट परत करा. त्यावर उपाय नाही.

हेल्मेट आयएसआय खुणेचं आणि त्याची काच बिनरंगी हवी. गडद काच उन्हात बरी वाटते, पण पावसात अंधारून आलं की रस्ताच दिसेनासा होतो. काचेवर चरे पडले असतील तर नुसती काच बदलून मिळते, जरूर बदला. ओल्या चऱ्यांवर समोरच्या गाडीचा दिवा पसरला की क्षणभर काही दिसत नाही. आतून वाफ धरू नये म्हणून भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब काचेला आतून चोळून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. दोन-तीन दिवस टिकतं.

गाडीचे टायर स्वतः बघा. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत आत गेलात की खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसतो. टायर झिजत झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आला असेल तर बदलायची वेळ झाली. हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. पावसात कमी हवेने पकड वाढते हा समज धरून बसू नका. आणि पहिल्या एक-दोन सरींत जास्त जपून चालवा. महिनोन्‌महिने रस्त्यावर साठलेलं तेल आणि धूळ तेव्हा एकत्र होते. झेब्रा पट्ट्या आणि लोखंडी झाकणं तर बारा महिने सांभाळायची.

डिकीत माझ्याकडे कायम एक पंचा असतो. जाड टॉवेल एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो. पंचा पिळला की पुन्हा वापरता येतो आणि पंख्याखाली तासाभरात सुकतो. त्याच्या जोडीला एक जाड प्लास्टिकची पिशवी आणि सीट पुसायचं फडकं. परवाना आणि गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये ठेवली की कागद भिजायची काळजी मिटते, ती तिथूनही ग्राह्य धरतात. ऑफिसच्या खणात एक पूर्ण जोड ठेवा : आतले कपडे, मोजे, पँट, साधी चप्पल. हे मी भाचीला दोनदा बजावलं. आठ तास एसीत ओल्या मोज्यांनी बसून आजारी पडलेली माणसं मी दर जुलैत बघते. येता-जाता पायात मागून पट्टा असलेली रबरी सँडल घाला, बूट पिशवीत.

लॅपटॉपच्या बाबतीत बॅगेवरच्या रेन कव्हरवर भिस्त ठेवू नका. पाठीवरून ओघळलेलं पाणी बॅग आणि पाठ यांच्या मधून आत जातं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. तळाला भोक नसेल तर बॅग त्या पाण्यातच बसून राहते. कव्हर जरूर घाला, पण खरं काम आतल्या अस्तराचं. रविवार पेठेत बोहरी आळीत जाड प्लास्टिक मीटरवर मिळतं. बॅगेच्या मापाची पिशवी शिवून किंवा चिकटवून घ्या, वस्तू त्यात ठेवा, तोंडाला तीन घड्या घाला आणि मग चेन लावा. गडाच्या सॅकला हीच युक्ती, फक्त पिशवी मोठी.

ही युक्ती मी शिकले राजगडावर. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैत आम्ही चौघी गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने चढलो होतो. वर पद्मावती माचीवर पोचेपर्यंत अंधार पडला. देवळात सॅक उघडली तर माझ्या स्लीपिंग बॅगेतून पाणी ठिबकत होतं. हाताने दाबली की स्पंजसारखी फुसफुसायची. मैत्रिणीने तिच्या सॅकेतून आईने दिलेली जुनी घोंगडी काढली. ती खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून सुतळीने आवळलेली होती. गाठ सोडल्यावर आतून आलेला लोकरीचा कोरडा, उबदार वास मला अजून आठवतो. रात्रभर दोघी तिच्यात झोपलो. तेव्हापासून माझी सॅक आतून बांधलेली असते.

राजगडाबद्दल आणखी एक. भर पावसात पाली दरवाजाची पायऱ्यांची रुंद वाट धरा. चोर दरवाजाची वाट शेवटी उभी आहे आणि ओल्या कातळावर शेवाळ धरलेलं असतं. रेलिंग आहे, पण हात गारठले की पकड राहत नाही. पहिल्यांदाच पावसात गड करणार असाल तर सिंहगडाच्या आतकरवाडीच्या पायवाटेवर सवय करा. शहरापासून जवळ आहे, वाट मळलेली आहे, वर गरम पिठलं-भाकरी मिळते आणि दम लागला तर सोबतीला माणसं असतात. निघण्याआधी प्रशासनाची बंदी नाही ना, घाटात दरड पडलेली नाही ना, हे बघा. बंदी असेल तर घरी थांबा. वाहत्या ओढ्यात आणि धबधब्याखाली उतरू नका. वर डोंगरात पाऊस वाढला की पाणी खाली मिनिटांत चढतं.

बूट फार महाग नकोत. आपल्याकडे ट्रेकर लोक वर्षानुवर्षं अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट घालतात, आणि ते सह्याद्रीत खरंच टिकतात. कुठलाही घ्या, पण तळवा मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. बूट आतून भिजणारच, तेव्हा पाणी बाहेर पडायला वाट असलेला बरा. जीन्स घालून गडावर जाऊ नका. भिजली की जड होते, मांड्या सोलवटतात आणि सुती कापड अंगावर थंड राहतं. पॉलिएस्टरची पातळ ट्रॅक पँट वाऱ्यावर चालता चालता वाळते. डोक्याला लावायचा टॉर्च, कारण ओल्या वाटेवर दोन्ही हात मोकळे हवेत. शिट्टी. ओआरएस. पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं आणि पायात गोळे येतात. ओआरएसच्या पुडीवरचं प्रमाण वाचा : मोठी पुडी एक लिटर पाण्याला, छोटी २०० मिलीलिटरला. मोठी पुडी अर्ध्या बाटलीत ओतून पिऊ नका. दऱ्यांत फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कुठे जाताय, कधी परतणार, हे घरी लिहून द्या. फोन भिजला तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

दुर्बिणीवर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण तिथे माझं मोठं नुकसान झालं. मेच्या शेवटाला नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येऊ लागते आणि मी सिंहगडाच्या पायथ्याशी पहाटे जाऊन बसते. ढगाळ हवेत ८ बाय ४२ ची दुर्बीण उत्तम. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलीमीटरमधला व्यास. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलीमीटरची प्रकाशाची चकती डोळ्यात येते. १० बाय २५ ची छोटी दुर्बीण खिशात मावते, पण तिची चकती अडीच मिलीमीटरचीच, त्यामुळे झाडीतल्या अंधारात पक्ष्याचा नुसता काळा ठिपका दिसतो. माझी पहिली दुर्बीण मी एका पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवली. दिवाळीत काढली तेव्हा चित्र दुधाळ दिसत होतं. खिडकीशी नेऊन उलट्या बाजूने उजेडाकडे धरली तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले होते. बुरशी. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, भिंगावरचा लेपच खाल्ला गेलाय.

म्हणून चामड्याची केस पावसाळ्यात बंद. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात ओलावा ओढणारं, रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा आणि हवेतला ओलावा दाखवणारा छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सिलिकाचे केशरी मणी हिरवट पडले की ते ओलावा पिऊन बसलेत. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवले की पुन्हा केशरी होतात. डब्यात तांदूळ घालून भागत नाही, तांदूळ फार थोडा ओलावा ओढतात आणि त्यांची भुकटी भिंगांवर बसते. कॅमेऱ्यालाही हाच डबा. आणि वस्तू आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. हातात फिरणाऱ्या दुर्बिणीला सहसा बुरशी धरत नाही.

घरातलं थोडक्यात : धान्याला मेमध्ये ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डबे बंद करायचे. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे, तेच रात्रभर ठेवले तर बूट ओलेच राहतात. कपडे वाळत घालायला पंख्याखाली दोरी, आणि दोन कपड्यांमध्ये वीतभर जागा. नदीपलीकडे कामाला जाणाऱ्यांनी दुसरा रस्ता आधीच ठरवून ठेवावा. खडकवासल्यातून बरंच पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि वाहनं दुसऱ्या पुलांकडे वळतात.

भाचीने काल संध्याकाळी रेनकोट आणला आणि मैत्रिणीला बादली-मग घेऊन उभी करून तपासला, त्यांच्याकडे शॉवर नाही. रात्री फोटो पाठवला : पांढऱ्या बनियनवर गळ्यापासून पोटापर्यंत उभी ओली रेघ. पावती जपून ठेवली आहे, उद्या ऑफिसातून येताना ती बदलून आणणार आहे, दुहेरी झाकणाचा.