परसबागेतील केशर आंब्याची उंची लहानपणापासून आटोक्यात ठेवणे

आंब्याचे कलम मोकळे सोडले, तर फळे शिडीवरूनही हाती लागणार नाहीत इतके ते उंच जाते. म्हणून छाटणीची सुरुवात झाड लहान असतानाच करावी. कलमाचा मुख्य दांडा पेन्सिलीहून जाड आणि पक्व झाला, की तो जमिनीपासून साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवर छाटावा.

हा छाट नेमका कुठे द्यावा, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. जिथे पानांचा दाट घोस असतो, त्या पेऱ्याच्या वर कापल्यास एकाच ठिकाणाहून अनेक फुटवे गर्दीने येतात आणि पुढे फळांच्या भाराने तिथेच फाटतात. घोसाच्या खाली कापल्यास फुटवे कमी येतात, पण ते अंतरा-अंतरावर आणि रुंद कोनात वाढतात. त्यांतील चार दिशांना जाणारे तीन-चार ठेवावेत. त्या फांद्याही पक्व झाल्यावर अशाच छाटाव्यात. कलमाच्या सांध्याखालून, म्हणजे खुंटातून (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधले, त्यातून), आलेली फूट दिसताच काढावी.

झाड फळांवर आल्यानंतरची छाटणी काढणी संपताच जूनच्या सुमारास उरकावी, कारण आंब्याला मोहोर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो आणि उशिरा छाटल्यास नव्या फुटीला पक्व व्हायला वेळच मिळत नाही. मोठ्या जखमांवर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात, प्लास्टिकच्या भांड्यात केलेली बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) त्याच दिवशी लावावी.