पोर्ट उघडत नाही? आधी या चुका टाळा

आमच्या आजोबांच्या कीर्तनाच्या ६० कॅसेटी आत्याकडे होत्या. आतेभावाने चार महिने खपून त्या संगणकावर उतरवल्या. सगळं मिळून ३८ जीबी भरलं. मस्कतच्या ताईला आणि नागपूरच्या काकांना ती रेकॉर्डिंग हवी होती, म्हणून त्याने टॉरेंट बनवून (म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल थेट उतरवायची सोय करून) त्याची मॅग्नेट लिंक, म्हणजे ती फाइल शोधून देणारा दुवा, घरच्या ग्रुपवर टाकली. दोन दिवस झाले तरी ताईकडे शून्य टक्के. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, पोर्ट उघडतच नाहीये, सगळं करून बघितलं." पोर्ट म्हणजे बाहेरच्यांना आपल्या संगणकावरच्या एखाद्या प्रोग्रामपर्यंत यायचं, क्रमांक दिलेलं दार.

हे "सगळं करून बघितलं" मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता पहिला प्रश्न ठरलेला आहे: राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, काय दिसतो? त्याने तो पाहिलाच नव्हता. बहुतेक जण पाहत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

त्याने तीन संध्याकाळी काय काय केलं ते ऐका. पोर्ट पाच वेळा बदलला. विंडोजची फायरवॉल पूर्ण बंद केली. लॅपटॉप डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून येणारं सगळं जिथे जातं त्या जागी, टाकला. शेवटी कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून तो रीसेट केला. त्यासरशी कनेक्शनचं पीपीपीओईचं (राउटर नेट कंपनीकडे लॉगिन करतो त्याचं) युजरनेम आणि पासवर्ड पुसले गेले, आणि घरातलं नेटच बंद पडलं. नेटवाल्याचा माणूस यायला दोन दिवस लागले. आतोबांचं ऑफिसचं काम तेवढे दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चाललं.

मी गेलो, स्टेटसचं पान उघडलं. वॅन आयपी १०० ने सुरू होत होता आणि त्यापुढे ७२. निदान तिथेच झालं. आयपीव्ही४ चे (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे) पत्ते कमी पडतात म्हणून बऱ्याच कंपन्या अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. काही कंपन्या १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. सोसायटीच्या गेटवरच वॉचमन पाहुण्याला परत पाठवत असेल, तर आपल्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून काय उपयोग? राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठराविक संगणकाकडे वळवायचे, कितीही नियम लिहा, बाहेरून येणारा तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

म्हणून आधी हे करा. वॅन आयपी लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधा आणि तिथे येणारा आयपीव्ही४ पत्ता ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तरच पुढच्या सेटिंगला हात लावा. वेगळे असतील तर कंपनीला फोन करून "पब्लिक आयपी हवाय" एवढंच सांगा. काही ठिकाणी नुसतं मागितल्यावर मिळतो, काही ठिकाणी महिन्याला जादा पैसे पडतात. आतेभावाला पैसे भरावे लागले. देणारा आणि घेणारा दोघांकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर तोही मार्ग आहे. तिथे पोर्ट फॉरवर्ड करायचा नसतो, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पोर्टला परवानगी द्यावी लागते.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे एकामागे एक दोन राउटर आहेत: कंपनीचा फायबरचा डबा आणि त्याला जोडलेला तुमचा स्वतःचा. लोक फॉरवर्डिंग दुसऱ्यात करतात आणि पहिला सगळं अडवतो. डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देईल, असं बरेच जण सुचवतात. मी सहसा तसं करत नाही, कारण मग पीपीपीओईची माहिती आपल्या राउटरमध्ये भरावी लागते आणि नेटवाले ती सहजी देत नाहीत. मी आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय देण्यापुरता, ठेवतो आणि फॉरवर्डिंग फायबरच्या डब्यातच करतो.

आता दुसरी चूक, जिच्यामुळे मला आत्याकडे पुन्हा जावं लागलं. पब्लिक आयपी मिळाला, पोर्ट उघडला, ताईकडे फाइल उतरायला लागली. चौथ्या दिवशी २३ टक्क्यांवर अडकली. मधे रात्री वीज गेली होती. नियम लिहिला होता १९२.१६८.०.१०४ साठी, तेव्हा तो लॅपटॉपचा पत्ता होता. वीज आल्यावर आतोबांचा मोबाईल आधी जोडला गेला, १०४ त्याला मिळाला आणि लॅपटॉपला १०७. राउटर इमानेइतबारे सगळे जोडणारे आतोबांच्या मोबाईलकडे पाठवत होता.

चूक माझीच. घाईत होतो आणि अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन उद्यावर ढकललं. बऱ्याच स्वस्त राउटरांना बंद होऊन चालू झाल्यावर कुणाला कोणता पत्ता दिला होता हे आठवत नाही. म्हणून नियम लिहिण्याआधी डीएचसीपीच्या (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याच्या) पानावर जाऊन लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाची ओळख असलेल्या मॅक अ‍ॅड्रेसला एक पत्ता कायमचा बांधून द्या. वायफायचा आणि केबलचा मॅक वेगळा असतो, ज्याने जोडता त्याचाच घ्या. विंडोजमध्ये वायफायसाठी रँडम (आपोआप बदलणारा) हार्डवेअर अ‍ॅड्रेस चालू असेल तर त्या नेटवर्कपुरता बंद करा, नाहीतर हा बांधलेला पत्ता कुचकामी ठरतो. आता मी रिझर्व्हेशन केल्याशिवाय फॉरवर्डिंगचं पान उघडतच नाही.

डीएमझेडबद्दल माझं मत पक्कं आहे: वापरू नका. एक पोर्ट उघडायचा होता आणि तुम्ही बाहेरून येणारं सगळंच त्या एका लॅपटॉपवर सोडलंत. फायरवॉल बंद करणंही तसंच. टॉरेंट प्रोग्रामला फायरवॉलमध्ये परवानगी द्या आणि घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलंय का ते बघा. 'पब्लिक' असेल आणि परवानगी फक्त प्रायव्हेटसाठी दिलेली असेल, तर राउटर बरोबर असूनही पोर्ट बंद दिसतो. दोन मिनिटांचं काम टाळायला लोक घराची भिंतच पाडतात, याचा मला खरंच राग येतो.

राउटरमधलं यूपीएनपी चालू केलं की प्रोग्राम स्वतःच पोर्ट उघडून घेतो, हे सोयीचं आहे हे मान्य. पण ती सोय घरातल्या प्रत्येक वस्तूला मिळते, तुम्ही घेतलेल्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यालाही. मी ते बंद ठेवतो आणि नियम हाताने लिहितो.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण वेळ खातात. टॉरेंट प्रोग्राम बंद असताना पोर्ट तपासला तर तो बंदच दिसणार, कारण ऐकायला पलीकडे कुणी नसतं. 'दर वेळी नवा पोर्ट' हा पर्याय चालू असेल तर आजचा नियम उद्या निरुपयोगी, तो काढा. ६८८१ ते ६८८९ हे बिटटोरंटचे जुने पोर्ट, तिथे अडथळे येऊ शकतात; मी ४९१५२ च्या पुढचा एखादा निवडतो. नियमात टीसीपी आणि यूडीपी हे डेटा पाठवायचे दोन्ही प्रकार घ्या. व्हीपीएन चालू असेल तर टॉरेंट त्याच्या सर्व्हरमार्फत जातं, मग राउटरमधल्या नियमाचा काही संबंध उरत नाही. लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही असं बघा. अपलोडची मर्यादा लाइनच्या ८० टक्क्यांवर ठेवा, नाहीतर घरातले सगळे तुमच्यावर चिडतील. एकूण कनेक्शन २०० पुरेत, हजार ठेवलीत तर छोटा राउटर गुदमरतो. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलाच आहात तर अ‍ॅडमिनचा मूळचा पासवर्ड बदलून टाका.

एक गोष्ट नवख्यांना पटत नाही: पोर्ट बंद असला तरी डाउनलोड होतं. डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) घ्यायची असेल तर शेकडो लोक ती देत असतात, तुम्ही आतून बाहेर जोडता आणि वेग मिळतो. तिथे पोर्टच्या मागे लागून संध्याकाळ घालवू नका. पोर्टची खरी गरज आतेभावासारख्याला, जिथे देणारा एकटाच आहे. दोन्ही टोकं बंद असली की सहसा कुणीच कुणाशी जोडू शकत नाही. एक टोक उघडलं की पुरतं.

नियमाला मी नाव आणि तारीख देतो आणि काम झालं की तो काढून टाकतो. आत्याकडचा 'कीर्तन' नावाचा नियम अजून तसाच आहे. ताईकडे सगळं पोचलं, नागपूरच्या काकांचं ७१ टक्क्यांवर आलंय.