खापरांची पोती फेकण्याआधी या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या काठची कितीतरी जुनी गावं पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, वसलेली आहेत. माळवदावर पसरायला पांढरी माती आणली की तिच्यातून खापरं निघतातच. उत्खनन झालं तर ती हजारोंनी निघतात, पोत्यांत भरतात आणि कुठल्यातरी खोलीत पडून राहतात. मग एक दिवस खोली हवी असते आणि कुणीतरी म्हणतं, "ह्यात काय ठेवलंय, टाका बाहेर."

पहिली चूक इथेच होते. परवान्याने झालेल्या उत्खननातला माल परस्पर टाकता येत नाही. पुरातत्त्व खात्याला आधी लेखी विचारा. विकणं तर सोडाच. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पोत्यातली खड्डा-थराची चिठ्ठी हरवल्यामुळे होतं. अशाच एका खोलीत मी पोती उघडली, तर आतले कागद कसरीने खाल्लेले. खापरं धडधाकट होती, पण कुठल्या खड्ड्यातली, कुठल्या थरातली, काही कळेना. थर हरवला की खापर मुकं होतं. म्हणून चिठ्ठ्या दोन हव्यात: एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत, एक बाहेर बांधलेली. निवडक खापरांवर पारदर्शक लाखेचा हात देऊन काळ्या शाईने खड्डा आणि थर लिहा. चिठ्ठी गेलीच असेल तर उत्खननाची नोंदवही काढून पोत्यावरच्या खुणा, तारखा ताडून बघा. तरीही जुळलं नाही, तर शाळेत शिकवायला द्यायला हेच पोतं आधी निवडा. सोबत एक कार्ड द्या, नाहीतर तिथंही ते कचरा होईल.

उरलेल्या मालात काठ, बूड, नक्षीचे आणि काळ्या-तांबड्या भांड्यांचे तुकडे राखा. पोटाचे साधे तुकडे मातीच्या प्रकारानुसार मोजा, वजन करा, फोटो काढा, मगच सोडा. प्रत्येक थरातली थोडी खापरं न धुता ठेवा. भांड्यात काय शिजलं होतं याचे अंश प्रयोगशाळेत सापडू शकतात आणि ब्रश मारला की ते जातात.

ओली खापरं पोत्यात कोंबू नका. पत्र्याखाली, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नकोच. पांढरी पूड आली तर ते क्षार असतात: साध्या पाण्यात बुडवा, पाणी बदलत राहा, सावलीत वाळवा. कच्च्या भाजणीच्या किंवा रंगवलेल्या तुकड्यांना हा उपाय करू नका.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून जपलेल्या वस्तूंमधून संग्रहालय उभं राहिलं, हे आठवलं की हात थांबतो.

ओढ्यात किंवा शेतात ओतणं ही शेवटची चूक. उद्याचा अभ्यासक तिथे जुनी वस्ती होती असं धरून चालेल. त्यापेक्षा, परवानगी मिळाल्यावर, त्याच खड्ड्यात पुरा. तळाशी चालू सालाचं नाणं आणि तारीख कोरलेली धातूची पट्टी ठेवा आणि जागा नोंदवहीत लिहा.